मेंढीचं काय?

चिठ्ठी मशीनमधून बाहेर आली, आणि तिच्यावर चाऱ्याच्या पुढं शून्य होतं.

खिडकीबाहेर उभ्या असलेल्या तरुणानं ती उलटसुलट करून पाहिली. मग गजांमधून हळूच आत सरकवली.

“मॅडम, आमच्या मेंढ्यांचा आज उपास हाय का?”

केसरनं मान वर केली. उन्हानं रापलेला चेहरा, डोक्याला गुंडाळलेला पांढरा रुमाल, आणि डोळ्यांत… ओठांच्या आधीच हसून मोकळं झालेलं काहीतरी. त्याच्या मागं, पत्र्याच्या शेडच्या चिंचोळ्या सावलीत, पाच-सात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या होत्या.

“मेंढी मशीनमध्ये नाही,” ती म्हणाली.

त्यानं मागं वळून मेंढ्यांकडं बघितलं, मग पुन्हा तिच्याकडं.

“पण हितं तर हाय. मशीनला दिसत न्हाई का?”

रांगेतली माणसं हसली. केसरलाही हसू आलं होतं, पण तिनं ते ओठांत दाबून धरलं. त्याला ते दिसलं. आपण दाबलेलं त्याला दिसलंय, हे तिलाही कळलं… आणि ती उगाचच की-बोर्ड पुसायला लागली.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता तो. विहिरींचे तळ दिसायला लागले, तशी नेकनूर भागातल्या एका सहकारी दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती. सभासदांनी आपली गुरं आणून बांधायची, सोसायटीनं चारा-पाणी पुरवायचं. केसर मूळची युसूफ वडगाव या गावची. बीडच्या कॉलेजात संगणक शिकली होती, पुण्याला जायच्या आधी वर्षभर काम करावं म्हणून सोसायटीत लागली होती, आणि नेकनूरला तुळजाआत्याकडं राहत होती. छावणी उघडली तसं चेअरमन अर्जुनराव तिला म्हणाले, दुधाचा हिशेब मशीनवर घेतीस तसा आता चाऱ्याचाही घे. तिनं त्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला.

त्या प्रोग्रॅमचा तिला मनातून अभिमान होता. सोसायटीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जनावराला नाव नसायचं, आकडा असायचा. गायीला एक, म्हशीला दोन, असं. कुणी घाईत भलताच आकडा दाबला तरी मशीन तो मुकाट्यानं गिळायचं. केसरनं आकडे काढून टाकले. तिनं ‘जनावर’ नावाचा एक प्रकार तयार केला. संगणकाच्या भाषेत त्याला एनम म्हणतात. त्यात ठरवून दिलेली नावंच असतात, त्याबाहेरचं काही चालत नाही. गाय, म्हैस, बैल, वासरू, आणि कुणी विचारलंच तर असावं म्हणून शेवटी ‘इतर’.

त्याच्यापुढं स्विच. मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहिलं की बीडचा रस्ता वेगळा, केजचा वेगळा, पाटोद्याचा वेगळा. तसं स्विच एकेका नावाला आपापल्या वाटेला लावतं. बैल आला की बैलाचा चारा, वासरू आलं की वासराचा. आणि ज्याला वाटच ठरवून दिलेली नाही, ते शेवटी ‘डिफॉल्ट’ नावाच्या वाटेला जाऊन पडतं. ‘इतर’ला तिनं वाट दिली नव्हती. डिफॉल्टमध्ये तिनं शून्य लिहून ठेवलं होतं. गुरांच्या छावणीत गुरांशिवाय येणार कोण?

आता तो आला होता, मेंढ्या घेऊन.

त्याचं नाव बंकट. घरची म्हैस सोसायटीला दूध घालायची, त्याची आई रतनबाई सभासद होती. वडील म्हाळूबाबा कळप घेऊन गोदाकाठाकडं निघून गेले होते. या तेवढ्या गाभण मेंढ्यांना चालवेना, म्हणून त्या मागं ठेवल्या. अर्जुनरावांनी तोंडी परवानगी दिली होती. हे सगळं त्यानं सावकाश सांगितलं. मागच्या रांगेची त्याला काही घाई दिसली नाही.

“मग करायचं काय?” केसर म्हणाली. “माझ्याकडं तर…”

“वासरू म्हणून टाका की. उंचीला तेवढंच भरतंय.”

तिनं ‘वासरू’ दाबलं. चिठ्ठी आली, तिच्यावर चारा आला. बंकट चार पावलं गेला आणि परत खिडकीशी आला.

“वासरांनी रामराम सांगितलाय,” तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर चिठ्ठी घ्यायला रतनबाई कधी आल्याच नाहीत. बंकटच यायचा. रांग ओसरल्यावर यायचा, म्हणजे मागून कुणी ढकलायला नको. केसर विचारायची, वासरं कशी आहेत. तो सांगायचा, बरी हायेत, पण अलीकडं त्यांना लोकर यायला लागलीय. ती एकदा म्हणाली, बंकट हे तर आजोबांचं नाव वाटतं. तो म्हणाला, आजोबांचंच हाय, आन तुमचं बी आजीचंच असणार. तेही खरं होतं. तिच्या आजीचं नाव केसरबाई.

तो बी. ए. झाला होता आणि पोलीस भरतीची तयारी करत होता. उजाडताना छावणीच्या कडेनं पळायचा. केसर आत्याच्या घरून निघून छावणीत पोचायची तेव्हा तो धापा टाकत टँकरजवळ उभा असायचा. रोज. पळण्याची वेळ अशी रोज नेमकी तिच्या येण्याच्या वेळेला कशी संपते, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही.

मधल्या काळात तिचे वडील सुंदरराव आपली बैलजोडी टेम्पोत घालून छावणीत घेऊन आले. वडगावात पाण्याची बोंब होती आणि लेक इथं होती, म्हणून इथंच. जागा मिळाली ती रतनबाईंच्या म्हशीला आणि मेंढ्यांना लागून. सुंदरराव फार कमी बोलणारा माणूस. बाज टाकली, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि शेजारच्या मेंढ्यांकडं बघून एवढंच म्हणाले की यांचा वास यायलाय.

वैशाखातल्या एका दुपारी ते घडलं.

बंकट भरतीच्या मैदानी चाचणीला बीडला गेला होता. सोसायटीत त्या आठवड्यात पशुखाद्य आलं होतं, आणि केसरच्या प्रोग्रॅमनं ते जनावरानुसार वाटून दिलं. वासराच्या वाटेत तिनं भरड्याचं आणि पेंडीचं माप लिहिलं होतं. रतनबाई म्हशीला पाण्यावर घेऊन गेल्या होत्या. छावणीतला माणूस चिठ्ठी वाचत आला, ‘वासरू’ वाचलं, आणि टोपलंभर खाद्य मेंढ्यांपुढं ओतून पुढं गेला. त्यानं चिठ्ठीबरहुकूम केलं, त्याची काही चूक नव्हती. कडबा आणि वाळका पाला चघळून कंटाळलेल्या मेंढ्या त्या भरड्यावर तुटून पडल्या. त्यातली एक पुढं जाऊन इतरांचंही खाऊन बसली.

केसरला एक घाबरी हाक ऐकू आली. ती रतनबाईंची होती. केसर धावत गेली तेव्हा ती मेंढी आडवी पडली होती. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, तोंडाला फेस. सुंदरराव गुडघ्यावर बसून तिला उठवायला बघत होते. तेवढ्यात बंकट आला. बस फाट्यावर सोडते, तिथून तो पळत आला असावा. कुणीतरी वाटेतच त्याला सांगितलं होतं.

 त्यानं मेंढीचे पुढचे पाय उचलून बाजेच्या कडेवर टेकवले आणि केसरला म्हणाला, मान धरा, वर धरा, सोडू नका. सुंदररावांनी आपल्या स्वयंपाकाच्या डब्यातलं गोडेतेल आणलं, रतनबाईंनी त्यात खायचा सोडा कालवून ते मेंढीला पाजलं. केसरनं दोन्ही हातांनी ती मान धरून ठेवली. मेंढीच्या काळजाची धडधड तिच्या मनगटाला लागत होती, भर्रकन उडणाऱ्या पाखरासारखी. बंकट कूस चोळत राहिला, चोळत राहिला… ऊन पत्र्यावरून खाली उतरलं. मग त्या मेंढीनं एक लांबलचक, ओंगळ ढेकर दिला, आणि रतनबाई मटकन खाली बसून हसायला आणि रडायला लागल्या.

केसरचे हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते. ते तसेच धरून ती उभी होती.

“माझ्यामुळं झालं,” ती म्हणाली.

“मीच म्हणलो होतो, वासरू टाका.”

“तुम्ही म्हणालात. लिहिलं मी. ती वासरू नाही हे मला माहीत होतं, तरी लिहिलं.”

बंकटनं आपल्या डोक्याचा रुमाल सोडला आणि तिच्यापुढं धरला. तिनं हात पुसले. त्या रुमालाला घामाचा, धुळीचा आणि बसच्या डिझेलचा वास होता.

“मग आता खरं लिवा,” तो म्हणाला. रागानं नाही. सांगितल्यासारखं.

मेंढी वाचली. तिच्या पोटातलं कोकरू वाचलं नाही. ते काही दिवसांनी मेलेलंच जन्मलं. बंकटनं स्वतः खिडकीशी येऊन तिला सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून. केसरनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी त्यानं बघितलं, आणि त्या दिवशी चिठ्ठी न घेताच बराच वेळ तो खिडकीबाहेर उभा राहिला.

अर्जुनरावांनी मेंढ्या हलवायला सांगितल्या. माणूस वाईट नव्हता, पण थकला होता. टँकर, कडबा, सभासदांची भांडणं, आणि त्यात आता हे. मेंढरं कधी कुणाच्या गणतीत होती का, असं तो म्हणाला. केसरनं पुढच्या मीटिंगपर्यंतची मुदत मागितली. मशीनमध्ये नीट करून दाखवते म्हणाली. इतकी ठाम ती आजवर कधी बोलली नव्हती, आणि त्यामुळंच बहुतेक अर्जुनराव हो म्हणाले.

तिनं एनममधलं ‘इतर’ काढून तिथं नवं नाव लिहिलं: मेंढी. आणि आणखी एक गोष्ट केली. प्रोग्रॅममध्ये जिथं-जिथं स्विच होता, तिथला डिफॉल्ट काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी बंकट खिडकीशी आला तेव्हा तिनं त्याला दारानं आत बोलावलं. खुर्ची एकच होती. तो पेंडीच्या पोत्यावर बसला आणि पडद्याकडं बघायला लागला. कडेला पिवळ्या खुणा दिसत होत्या.

“हे काय झालं? बिघडलं का?”

“नाही. विचारतंय.”

“कोण?”

“मशीन.” केसरनं एका खुणेवर बोट ठेवलं. “आधी शेवटी डिफॉल्ट होतं. ज्याचं कुणी बघितलेलं नाही त्याला शून्य देऊन टाकायचं, आणि गप्प बसायचं. मी चूक केली तरी मला कळायचं नाही. आता ते काढलं. आता नावात मेंढी आहे, पण इथं तिची वाट लिहिलेली नाही. म्हणून ते मला विचारतंय, मेंढीचं काय?”

बंकट त्या पिवळ्या खुणेकडं बघतच राहिला.

“असं कुणी विचारत न्हाई हो,” तो हळूच म्हणाला. मग आपल्याच बोलण्यानं अवघडून त्यानं रुमाल नीट केला. “मग… काय सांगायचं त्याला?”

“मलाही माहीत नाही. तुम्ही सांगा. चारा किती लागतो?”

त्यानं सांगितलं. कडबा कुट्टी करून, झाडपाला वेगळा, खुराक चिमूटभर आणि तोही हळूहळू वाढवत. गाभणीला थोडा जास्त. कुठं त्याला पक्कं माहीत नव्हतं, तिथं दोघांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. केसरनं ‘मेंढी’ची केस, म्हणजे स्विचमधली तिची वाट, लिहिली आणि तिच्या शेवटी एक शब्द टाकला.

“हे ब्रेक कावून?”

“इथं थांब, असं सांगायला. ते विसरलं तर स्विच खालच्या केसमध्ये घसरतं. मेंढीचा चारा देऊन झाला की खाली बैल लिहिलाय, मग बैलाचाही देऊन टाकणार.”

“म्हंजे एक मेंढी बैलाचं बी खाणार.”

“हो.”

“आमच्यातली एक हाय तशी,” बंकट म्हणाला, “तिला ब्रेक न्हाई.”

यावेळी केसरनं हसू दाबलं नाही. पिवळी खूण गेली. बाकीच्या तशाच होत्या. तिनं घड्याळाकडं बघितलं, आणि उरलेलं उद्या करू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाण्याची खूण. मेंढी पाणी कमी पिते, पण नासकं पाणी तोंडाला लावत नाही, हे त्यानं सांगितलं. आणि सांगता सांगता लहानपणी वडिलांच्या मागं चालताना नदीच्या वाळूत झरा कसा उकरायचे, तेही सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी जागेची. गुरांना दावं लागतं, मेंढी बांधत नसतेत, तिला जाळीचं कुंपण लागतं आणि सोबत लागते. एकटी मेंढी खाणंच सोडते. केसरनं विचारलं, खरंच? तो म्हणाला, खरंच.  पंखा घरघरत होता. तिच्या बांगडीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं, आणि तो तिकडं बघत नसल्यासारखं बघत होता.

मग लसींची खूण, मग औषधांची. तो पोत्यावरच बसायचा. ती विचारायची, तो सांगायचा, ती लिहायची. बाहेर सुंदरराव बैलांना पाण्यावर नेताना एकदा दारावरून गेले, आत बघितलं, आणि पुढं गेले.

शेवटची खूण पुसली गेली तेव्हा पडदा अगदी स्वच्छ दिसायला लागला. केसरनं प्रिंटर चालू केला. चिठ्ठी बाहेर आली: मेंढी. तिचा चारा, तिचं पाणी, तिची जागा. बंकटनं ती हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली.

“मॅडम, एक विचारू?”

“विचारा.”

“हे सगळं एका दिवसात झालं नसतं का?”

केसर पडद्याकडं बघत राहिली. तिच्या कानशिलांवर गरम वाटायला लागलं होतं.

“झालं असतं,” ती म्हणाली.

त्यानं ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. पोत्यावरून उठला, दारापर्यंत गेला, आणि पाठ तिच्याकडंच ठेवून म्हणाला, “बरं झालं न्हाई झालं ते.”

मीटिंगमध्ये अर्जुनरावांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली आणि राहू द्या म्हणाले. आठवड्याभरात आणखी काही मेंढपाळ आपल्या मागं राहिलेल्या मेंढ्या घेऊन आले, आणि छावणीच्या एका कोपऱ्यात जाळीची कुंपणं उभी राहिली. शेजारच्या तालुक्यातल्या एका सोसायटीनं केसरचा प्रोग्रॅम मागून नेला. केसरनं पुण्याचं नाव काढणं सोडून दिलं होतं. कुणी विचारलं तर छावणी उठल्यावर बघू म्हणायची.

छावणी उठली. उशिरा का होईना पावसानं हात दिला, रानात हिरवं दिसायला लागलं, आणि लोक आपापली गुरं सोडून न्यायला लागले. सुंदररावांनी बैलजोडी नेली. एका सकाळी बंकट मेंढ्या पुढं घालून खिडकीशी आला. वडील तेलगावच्या बाजूला उतरलेत, तिकडं निघालो म्हणाला. भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलं नव्हतं, तेही सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा देणार होता.

केसरला खूप बोलायचं होतं. गजांच्या अलीकडं बोटं होती, पलीकडं बोटं होती.

“येतो मग,” तो म्हणाला.

“या,” ती म्हणाली.

मेंढ्यांच्या खुरांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तिनं खिडकी लावून घेतली, आणि लाइट न लावता आत बसून राहिली.

दिवाळीनंतर घरी एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात इंजिनियर, बोलायला साधा, आईवडील समजूतदार. मुलगा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. केसरला नाव ठेवायला काही सापडेना. पाहुणे गेल्यावर आईनं पसंत आहे ना असं विचारलं, आणि केसर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली की नाही. मग कोण, असं आईनं विचारायच्या आधीच तिनं नाव सांगून टाकलं.

आई, छबुबाई, हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. मग आवाज चढला. आपल्यातला नाही. नोकरी नाही. मेंढरामागं फिरणारी माणसं, आज इथं, उद्या तिथं. भावकीत तोंड कसं दाखवायचं? केसरनं एकेका प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. सुंदरराव ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि उठून गोठ्यात गेले. त्या दिवशी ते बोलले नाहीत, पुढचे कित्येक दिवस बोलले नाहीत. घरात भांडी तेवढी वाजत होती.

एका सकाळी केसर आत्याकडं जायला निघाली, पिशवी खांद्याला लावली. तेव्हा सुंदरराव टोपी घालून अंगणात उभे होते.

“तेलगावची बस केजहून मिळती का?” त्यांनी विचारलं.

केसरला आधी समजलंच नाही.

“उन्हाळाभर त्याच्या शेजारी बाज टाकून झोपलो मी,” ते म्हणाले. बोलताना ते तिच्याकडं नाही, बैलांकडं बघत होते. “माज्या बैलाच्या खुरात काटा गेलता. मला झोप लागलेली बगून त्यानं मला उठीवलं न्हाई, बसून काडला, आन सकाळी सांगितलं बी न्हाई. मला दुसऱ्याकडनं कळलं. माणूस कसा हाय ते मला कुणी सांगायची गरज न्हाई.” थोडं थांबून त्यांनी घराकडं मान वळवली. “तुझ्या मायचं मी बगतो. वेळ लागंल. कळप अजून तिकडंच हाय, इचारलंय मी. चल.”

छबुबाई दारात उभी होती. तिनं अडवलं नाही, चला म्हणालीही नाही. पण बस येईपर्यंत तिनं धाकट्या जावेच्या हाती एक पिशवी धाडून दिली. तिच्यात शेंगदाण्याचे लाडू होते. कुणासाठी, ते तिनं सांगितलं नव्हतं.

तेलगावच्या पुढं, कापूस वेचून झालेल्या एका काळ्या रानात म्हाळूबाबांचा कळप पसरला होता. लांबून ते सगळं रानच हळूहळू सरकतंय असं वाटत होतं. म्हाळूबाबा खांद्यावर घोंगडी टाकून बांधावर बसले होते. रतनबाईंनी केसरला ओळखलं, तोंडाला पदर लावला आणि लगबगीनं चूल पेटवायला गेल्या. सुंदरराव म्हाळूबाबांच्या शेजारी बांधावर टेकले. त्यांनी काम सांगितलं: वडगावच्या रानात मेंढ्या बसवायच्या आहेत. कळप रात्रभर रानात बसला की लेंडीखत पडतं, जमीन कस धरते. त्यासाठी शेतकरी मेंढपाळाला आवतण देतो, धान्य देतो. एवढ्या लांबून कुणी त्यासाठी येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी दोघं गंभीरपणे जमिनीविषयी बोलायला लागले.

बंकट कळपाच्या पलीकडच्या टोकाला होता. कडेवर एक नुकतं जन्मलेलं, ओलसर कोकरू. केसर ढेकळांतून चालत त्याच्यापर्यंत गेली. तिला बघून तो जागच्या जागी थांबला.

“तुमी? हितं… कावून?”

“अण्णा मेंढ्या बसवायचं सांगायला आलेत.”

“आन तुमी?”

बसमध्ये तिनं पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

“घरी स्थळ आलं होतं. मी नाही म्हणाले, आणि तुमचं नाव सांगितलं,” ती म्हणाली. “तुम्हाला न विचारताच सांगितलं. म्हणून… आता विचारायला आलेय.”

बंकटनं कोकरू खाली ठेवलं. ते दोघांच्या मध्ये लटपटत उभं राहिलं, आणि मग आईचा आवाज आला तिकडं गेलं.

“मी त्या दिवशी फाट्यापर्यंत जाऊन माघारी आलतो,” तो म्हणाला.  “खिडकी लावलेली होती.”

“मी आतच होते.”

“मला वाटलं, गेलात.”

“कडी वाजवायची ना मग.”

“हात उचललता,” तो म्हणाला. “मेंढपाळाच्या पोरानं कुणाच्या दाराची कडी वाजवायची, हे मनात आलं… आन हात खाली आला. तवापासून रोज वाजवतोय मनातल्या मनात.”

केसरनं त्याचा हात धरला. मेंढ्या आजूबाजूनं सरकत राहिल्या, त्यांच्या पायांना अंग घासत, जणू ही दोघं रानातली झाडं आहेत. बांधावर रतनबाईंनी चहाचं पातेलं उतरवलं आणि पाठ फिरवून बसल्या.

“किती रात्री बसवायच्या म्हणतेत तुमचे अण्णा?” बंकटनं विचारलं.

“अण्णा दोन म्हणतील.”

“आन तुमी?”

“मला विचाराल तर…” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं नजर खाली घेतली नाही, “उठवूच नका.”

बंकटनं तिचा हात सोडला नाही. तसाच मान वळवून त्यानं बांधाकडं हाक दिली.

“दादा, हो म्हणून टाका.”

म्हाळूबाबांनी अजून रान केवढं, पाणी कुठं, यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी एकदा पोराकडं बघितलं, एकदा त्या हातांकडं. मग सुंदररावांकडं वळून, घोंगडी सावरत, ते हो म्हणाले.